माथेरान : गाडी थांबते तिथून पुढे

नेरळहून वर चढणारा घाटरस्ता दस्तुरी नाक्यावर संपतो. मोटार कितीही ऐटबाज असो, तिला इथेच उभे राहावे लागते. पुढचे बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर अंतर पायी, घोड्यावरून, मिनी ट्रेनने किंवा अलीकडे आलेल्या ई-रिक्षाने कापायचे. रुग्णवाहिकेसारखे मोजके अपवाद सोडले, तर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या गावात पेट्रोल-डिझेलच्या वाहनांना मज्जाव आहे. २०११च्या जनगणनेनुसार इथली वस्ती साडेचार हजारांच्याही आत होती. एवढ्याशा गावाचा दूध, भाजीपाला, गॅसच्या टाक्या असा सारा संसार घोड्याच्या पाठीवरून, हातगाडीवरून नाहीतर माणसाच्या डोक्यावरून वर येतो. चहाच्या दरात चार रुपये जास्त दिसल्यावर कपाळाला आठ्या घालण्याआधी पर्यटकाने ही वाट आठवावी.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. ठाकर, कातकरी आणि धनगरांना ते पूर्वापार ठाऊक होते. १८५०च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने डोंगर चढून आले आणि माथेरानचा ‘शोध’ लागल्याची नोंद झाली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी पुढे या पठाराला थंड हवेच्या ठिकाणाचे रूप दिले. मात्र सर्वसामान्य मुंबईकराला ते जवळचे झाले ते रेल्वेमुळे. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात दोन फूट रुंदीचा, सुमारे २१ किलोमीटरचा हा वळणावळणांचा लोहमार्ग उभारला. २६ जुलै २००५च्या अतिवृष्टीत तो उद्ध्वस्त झाला आणि २००७मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९च्या पावसात दरडींनी त्याची पुन्हा वाताहत केली. त्यानंतर नेरळहून गाडी सुटायला २०२२चा ऑक्टोबर उजाडावा लागला. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा दरवर्षी बंद असतो. दस्तुरीजवळच्या अमन लॉजपासून माथेरानपर्यंतची शटल सेवा तेवढी चालू राहते. नेरळहून सुटणाऱ्या गाड्या थोड्या आणि आसने त्याहून थोडी. त्यामुळे पूर्ण प्रवासाची हौस असणाऱ्यांनी सकाळी लवकर नेरळ गाठणे शहाणपणाचे.

दस्तुरीला उतरताच ‘गाव फार लांब आहे’, ‘गाडी आज बंद आहे’ असे सांगणारे भेटू शकतात. अशा दिशाभुलीला कंटाळून खुद्द माथेरानकरांनीच मार्च २०२५मध्ये गाव बंद ठेवून निषेध केला होता. प्रवेश कराची पावती घ्यावी, दरफलक वाचावा, शटलची वेळ स्थानकातच विचारावी आणि सामान हलके असेल तर सरळ चालू लागावे. बेताच्या चालीने पाऊण तासात बाजारपेठ येते. वाटेवर बहुतेक ठिकाणी झाडांची सावली असते.

हे चालणे हाच माथेरानचा खरा कार्यक्रम आहे. पर्यटकांच्या हाती पडणाऱ्या नकाशांत तीस-पस्तीस पॉइंट्सची नावे असतात आणि एका दिवसात त्यांतले जास्तीत जास्त ‘उरकण्याची’ शर्यत लागते. त्यात घोडेवाल्याचा वेळ वाचतो, पाहणाऱ्याच्या पदरी फारसे काही पडत नाही. त्यापेक्षा एका दिवशी पठाराचे एकच टोक धरावे. उत्तरेचा पॅनोरमा पॉइंट पहाटेसाठी राखून ठेवावा. बाजारातून तो पाचेक किलोमीटर लांब असल्याने अंधारातच निघावे लागते. पण उजाडताना खाली उल्हास नदीचे खोरे आणि शेजारी पेबचा किल्ला धुक्यातून वर येताना दिसतो. दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे वळावे. वन ट्री हिल, चौक पॉइंट आणि त्यांच्यामधली जंगलवाट पायांना दमवते, पण गर्दी तिथवर क्वचितच पोहोचते. सूर्यास्तासाठी पॉर्क्युपाइन पॉइंट प्रसिद्ध आहे. समोर प्रबळगडाचा आडवा कातळ असतो. शार्लोट तलाव हा गावाच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे, जलक्रीडेचे ठिकाण नव्हे. त्याच्या काठावरचे पिसरनाथाचे मंदिर हे इथले ग्रामदैवत. उन्हाळ्याच्या तोंडावर आलेल्यांनी अंजनीची झाडे जरूर पाहावीत. जांभळ्या-निळ्या फुलांचे झुबके थेट फांदीलाच लगडलेले असतात. नशीब जोरावर असेल तर वर शेकरूही दिसते. माकडे मात्र नशिबाची वाट पाहत नाहीत. हातात खाऊची पिशवी उघडी धरणे म्हणजे त्यांना आमंत्रणच. त्यांना खायला घालू नये.

कशावर बसावे, हा प्रश्न इथे केवळ सोयीचा राहिलेला नाही. माणसांनी ओढायच्या हातरिक्षा माथेरानात दीर्घकाळ चालल्या. चढावर एकाने पुढून ओढायचे आणि बाकीच्यांनी मागून ढकलायचे, असे ते काम. डिसेंबर २०२२मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला न शोभणारी ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षाचालकांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. वृद्ध, रुग्ण आणि शाळकरी मुलांना या रिक्षांचा मोठाच दिलासा आहे. दुसऱ्या बाजूला चारशेहून अधिक परवानाधारक घोड्यांवर कित्येक कुटुंबांचे पोट अवलंबून आहे आणि प्रत्येक नव्या चाकाकडे ती धास्तीनेच पाहतात. धडधाकट पर्यटकाने ई-रिक्षाची रांग गरजूंसाठी मोकळी ठेवून चालावे. घोडा घ्यायचा तर परवानाधारकाचाच घ्यावा, दर आधी ठरवावा, आणि जनावर लंगडत असेल किंवा त्याच्या पाठीवर जखम असेल तर नकार द्यावा.

पायाखालच्या मातीचीही अशीच गोष्ट आहे. जांभ्यापासून झालेली ही लाल माती पावसाने आणि टापांनी झिजते, मग झाडांची मुळे उघडी पडतात. उपाय म्हणून रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवायला सुरुवात झाली. त्यावर धूळ उडत नाही हे खरे, पण घोडे घसरतात आणि पाणी जमिनीत मुरत नाही, अशा तक्रारी झाल्या. केंद्र सरकारने फेब्रुवारी २००३मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केलेल्या डोंगरावर हा वाद न्यायालयात जाणे अटळच होते. दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला २०२५च्या त्याच निकालात मुभा मिळाली. आतले रस्ते आणि जंगलवाटा मात्र पेव्हरविना ठेवायच्या आहेत. म्हणून वळणे टाळण्यासाठी उतारावरून आडवाटा पाडू नयेत. एका मोसमात शंभर जणांनी मारलेला ‘शॉर्टकट’ पुढच्या पावसात ओहोळ होतो.

बाजारात चिक्की आणि चामड्याच्या चपला सगळेच घेतात. पायथ्याच्या वाड्यांतून करवंदे-जांभळे घेऊन वर आलेल्या बायकांकडूनही काही घ्यावे. त्या डोंगर चढून आलेल्या असतात. भाई कोटवाल यांच्याविषयीही गावात विचारावे. १९१२ साली माथेरानात एका नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोटवाल वकील झाले, इथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि १९४२च्या लढ्यात भूमिगत होऊन त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांशी झालेल्या चकमकीत हिराजी पाटील यांच्यासह त्यांना वीरमरण आले. पॉइंट्सना नावे साहेबांची असली, तरी गावाच्या बोलण्यात भाई आहेत.

जायचे कधी? मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या शक्यतो टाळाव्यात. पावसाळ्यात धबधबे आणि धुके अप्रतिम असते, पण कड्यांवरची शेवाळलेली वाट जिवावर बेतू शकते. कठड्यापलीकडे पाऊल टाकू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चालणाऱ्यांचा. रविवारी संध्याकाळी घाटात गाड्यांची रांग लागते, म्हणून एक रात्र जास्त राहून सोमवारी सकाळी उतरावे. त्या वेळी दस्तुरीच्या वाटेवर सामान घेऊन वर येणाऱ्या घोड्यांचीच काय ती वर्दळ असते.