कॅप्टन लक्ष्मी : वर्दी दोन वर्षांची, सेवा जन्मभराची



आपल्याकडे पलटणीतून पेन्शनीवर आलेला एखादा सुभेदार नाहीतर हवालदार बहुतेक गावांत असतोच. साताऱ्याकडच्या काही गावांत तर घरटी एक माणूस फौजेत. असा माणूस संध्याकाळी पारावर येऊन बसला की पोरेटोरे भोवती गोळा होतात. लढाईच्या गोष्टी निघतात. स्वातंत्र्यदिनाला शाळेत त्याला पहिल्या रांगेत खुर्ची मिळते. हा मान त्याचा हक्काचाच आहे.

पण वाचकहो, जरा आठवून पाहा. अशा पारावर लढाईची गोष्ट सांगणारी एखादी म्हातारी तुम्ही कधी पाहिली आहे का? बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असेच येईल. म्हणून आज अशाच एका म्हातारीची ओळख करून देतो. ब्याण्णवाव्या वर्षीही ती कानपूरच्या आपल्या दवाखान्यात रोगी तपासत होती. तिचे नाव डॉक्टर लक्ष्मी सहगल. देश तिला ‘कॅप्टन लक्ष्मी’ म्हणून ओळखतो.

चालता दवाखाना सोडला

लक्ष्मीबाईंचा जन्म २४ ऑक्टोबर १९१४ रोजी मद्रासला झाला. वडील स्वामीनाथन नामांकित वकील. आई अम्मू स्वामीनाथन पुढे आपल्या घटना समितीच्या सभासद झाल्या. घर खाऊनपिऊन सुखी होते. मुलीने १९३८ साली मद्रासच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टरीची परीक्षा दिली आणि मग बाळंतपणाच्या शास्त्राचे खास शिक्षण घेतले. १९४० मध्ये त्या सिंगापूरला गेल्या आणि तेथे त्यांनी दवाखाना काढला. मलायातल्या रबराच्या मळ्यांवर आणि गोदीत राबायला आपल्या देशातून, विशेषतः तामिळ मुलखातून, हजारो मजूर गेले होते. त्यांच्या दवाखान्यात येणारे गोरगरीब रोगी याच मजुरांपैकी असत.

मग महायुद्ध दारात आले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूरच्या इंग्रज सेनापतीने जपान्यांपुढे शरणागती पत्करली आणि हजारो हिंदी शिपाई कैद झाले. लक्ष्मीबाई जखमी कैद्यांची शुश्रूषा करीत राहिल्या. त्याच कैद्यांमधून आझाद हिंद फौज उभी राहिली. जुलै १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापूरला आले आणि त्यांनी फौजेची सूत्रे हाती घेतली. बायकांचीही एक पलटण हवी, असे त्यांनी जाहीर सभेत सांगितले. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते खरे वाटले नसेल. बायकांनी पट्ट्या बांधाव्यात, स्वयंपाक करावा, हे समजण्यासारखे, पण बंदूक?

लक्ष्मीबाईंनी घरोघर फिरून वीसएक बायका जमवल्या. साड्या नेसलेल्या त्या बायकांनी थोड्या दिवसांच्या सरावावर, जड रायफली हातात घेऊन, नेताजींना सैनिकी सलामी दिली. नेताजींनी त्यांना बोलावून घेतले आणि पलटण उभारण्याचे काम सोपवले. चालता दवाखाना सोडून त्या या कामाला लागल्या.

मराठी मातीतले नाव

या पलटणीला नाव दिले ‘झाशीची राणी’. आपल्या मराठी माणसाचा ऊर येथे भरून यावा. तांब्यांची मनू, नेवाळकरांची सून, १८५८ मध्ये इंग्रजांशी लढता लढता पडली. तिला जाऊन पंच्याऐंशी वर्षे झाल्यावर, समुद्रापलीकडच्या मुलखात, मराठीचा एक शब्दही न येणाऱ्या पोरी तिच्या नावाने कवायत करू लागल्या. २२ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूरला त्यांची छावणी सुरू झाली. आदल्याच दिवशी नेताजींनी आझाद हिंद सरकार जाहीर केले होते. त्या मंत्रिमंडळात लक्ष्मीबाई एकट्याच बाई होत्या.

आणि या पोरी होत्या तरी कोण? काही शिकल्यासवरल्या घरच्या होत्या. पण पुष्कळ जणी रबराच्या मळ्यांवरच्या मजुरांच्या लेकी होत्या. पहाटे उठून झाडांचा चीक गोळा करणाऱ्या, पाटी न पाहिलेल्या. त्यांतल्या कितीतरी जणी मलायातच जन्मल्या होत्या. ज्या देशासाठी त्यांनी बंदूक उचलली, तो देश त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता! अंगात खाकी कपडे, पायांत बूट, खांद्यावर रायफल. सगळ्यांना एकच पंगत. जात कोणती, धर्म कोणता, हा सवाल छावणीच्या दाराबाहेर ठेवलेला.

पुढे या मुलींच्या तुकड्या ब्रह्मदेशात मेम्योपर्यंत गेल्या. आघाडीवर जाऊन लढायची त्यांची तयारी होती. पण १९४४ च्या इंफाळच्या मोहिमेत पावसाळ्याने घात केला. पाऊस वेळेवर आला तर आपण त्याला देव म्हणतो. तेथे तोच पाऊस वैरी झाला. रस्ते वाहून गेले, धान्य पोचेना, हिवतापाने शिपाई आडवे झाले. फौजेला माघार घ्यावी लागली. तेव्हा या मुलींनी रायफली बाजूला ठेवल्या आणि इस्पितळांतून जखमींची शुश्रूषा केली. लढायला गेलेल्या माणसाला शुश्रूषेचे काम हलके वाटू शकते. त्यांनी ते हलके मानले नाही.

मे १९४५ मध्ये लक्ष्मीबाई इंग्रजांच्या हाती लागल्या. मार्च १९४६ पर्यंत त्यांना ब्रह्मदेशातच अडकवून ठेवले, मग हिंदुस्थानात पाठवले.

खरी कसोटी पुढेच

मंडळी, शूराची गोष्ट सांगताना आपण बहुधा येथेच थांबतो. लढाई संपली, हार घातले, गोष्ट संपली. लक्ष्मीबाईंची खरी गोष्ट मात्र येथून पुढे सुरू होते.

देश स्वतंत्र झाला, पण आझाद हिंद फौजेच्या शिपायांना भारतीय सैन्यात परत घेतले गेले नाही. बायकांच्या पलटणीचे तर नावच मिटले. लक्ष्मीबाईंनी कपाळाला हात लावला नाही. मार्च १९४७ मध्ये त्यांनी प्रेमकुमार सहगल यांच्याशी लग्न केले. हे सहगल आझाद हिंद फौजेतलेच. लाल किल्ल्यातल्या गाजलेल्या खटल्यात शाहनवाझ खान आणि गुरबक्षसिंग धिल्लन यांच्याबरोबर तेही आरोपी होते. दोघांनी कानपूरला बिऱ्हाड केले.

कानपूर म्हणजे गिरण्यांचे, मजुरांचे शहर. त्यात फाळणीमुळे निर्वासितांचे लोंढे आलेले. लक्ष्मीबाईंनी दवाखाना मांडला आणि पुढची जवळजवळ सहा दशके तो चालवला. मजुरांच्या बायका, झोपडपट्टीतल्या लेकुरवाळ्या तेथे येत. गरिबाकडून पैसे किती घ्यायचे, हे त्याच्या खिशाकडे पाहून ठरे. पुष्कळदा काहीच घेतले जात नसे. हिंदू आणि मुसलमान दोघेही त्यांच्याकडे विश्वासाने येत.

१९७१ साली पूर्व बंगालमधून निर्वासित सरहद्द ओलांडून आले, तेव्हा लक्ष्मीबाई बंगालमधल्या बनगावच्या छावणीत औषधे घेऊन हजर झाल्या. त्याच सुमारास त्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेल्या. १९८१ मध्ये अखिल भारतीय जनवादी महिला संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. त्यांचे राजकारण कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण पुढच्या दोन गोष्टी कुणालाही पटतील.

१९८४ च्या ऑक्टोबरअखेर इंदिराजींची हत्या झाली आणि कानपुरातही शिखांवर जमाव धावून जाऊ लागले. लक्ष्मीबाई तेव्हा सत्तर वर्षांच्या होत्या. त्या दवाखान्याजवळच्या रस्त्यावर उतरल्या आणि आसपासच्या एकाही शीख घराला, दुकानाला त्यांनी धक्का लागू दिला नाही. त्यानंतर महिनाभराने, डिसेंबरात, भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली. लक्ष्मीबाई डॉक्टरांचे पथक घेऊन तेथे गेल्या. सत्तरी म्हणजे आपल्याकडे नातवंडे खेळवण्याचे वय! आता सांगा, ही बाई फौजेतून निवृत्त झाली, असे कोण म्हणेल?

मान मिळाला, पण केव्हा?

सरकारने १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण दिले. बाईंचे वय तेव्हा चौऱ्याऐंशीच्या घरात. २००२ मध्ये डाव्या पक्षांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी उभे केले. समोर डॉ. अब्दुल कलाम होते, ते निवडून आले. निवडणूक झाली आणि बाई परत दवाखान्यात! २३ जुलै २०१२ रोजी, सत्त्याण्णवाव्या वर्षी, कानपुरातच त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह तिथल्या वैद्यकीय कॉलेजाला दिला. म्हणजे मेल्यावरही पुढच्या डॉक्टरांना शिकवण्याचे काम त्यांनी सोडले नाही.

आज काळ पालटला आहे. आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींना प्रवेश आहे. मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये तेथून बाहेरही पडली. तुमच्या लेकीच्या मनात तसे काही असेल तर, बापा, तिला ‘हे बायकांचे काम नव्हे’ म्हणून गप्प बसवू नका. मळ्यातल्या अडाणी पोरींनी ते १९४३ सालीच करून दाखवले आहे.

आणि शेवटी एक मागणे. लक्ष्मीबाईंचा मोठेपणा पलटणीच्या दोन वर्षांत आहे, तसाच रोज सकाळी उघडणाऱ्या दवाखान्याच्या दारातही आहे. असे दार उघडणारी बाई तुमच्या गावातही असेल. रात्री-अपरात्री बाळंतपणाला धावून गेलेली जुनी सुईण असेल, पावसात चिखल तुडवत वस्तीवर जाणारी नर्सबाई असेल, धनी सरहद्दीवर असताना एकटीने शेत आणि लेकरे सांभाळणारी जवानाची बायको असेल. तिचा फोटो भिंतीवर लावून हार घालण्याची वेळ येईपर्यंत थांबू नका. येत्या २६ जानेवारीला ग्रामपंचायतीसमोर झेंड्याची दोरी तिच्या हाती द्या. खर्च काही नाही. पण खाली उभ्या असलेल्या पोरी ते पाहतील, आणि त्यांतली एखादी मनात काही ठरवून घरी जाईल.