शितावरून भात : उद्गामी आणि अवगामी विचारांतील भेद

प्राथमिक शिक्षकाच्या टाचणवहीत ‘उद्गामी पद्धती’ आणि ‘अवगामी पद्धती’ हे दोन शब्द हमखास आढळतात. अध्यापक विद्यालयात असताना आपण सर्वांनी त्यांच्या व्याख्या पाठ केलेल्या असतात : उदाहरणांकडून नियमाकडे जाणे ती उद्गामी आणि नियमाकडून उदाहरणांकडे येणे ती अवगामी. ही व्याख्या चुकीची नाही; परंतु ती अपुरी आहे. वाट वर चढते की खाली उतरते, एवढेच तीत सांगितले आहे. त्या वाटेने गेल्यावर हाती आलेले ज्ञान किती भरवशाचे असते, हे तीत सांगितलेले नाही. वर्गाच्या दृष्टीने महत्त्वाचा भेद नेमका तोच होय. त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शीत आणि डबा

शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपल्या घराघरांत आहे. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी गृहिणी सगळा भात चाचपीत बसत नाही. ती एक शीत बोटांत चेपून पाहते आणि साऱ्या भाताविषयी निर्णय देते. हा उद्गामी विचार होय. पाहिले एक शीत. बोलली ती साऱ्या भातासंबंधी. म्हणजे जेवढे पाहिले त्याहून अधिक या निष्कर्षात आले. हे धाडस आहे. पण ते आंधळे नव्हे. एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर सगळी शिते शिजली आहेत, या विश्वासावर ते उभे आहे. हा विश्वास जेथे डळमळतो, तेथे निष्कर्षही डळमळतो. शालेय पोषण आहाराच्या मोठ्या पातेल्यात तळचा भात करपलेला व वरचा कच्चा असू शकतो. म्हणून अनुभवी स्वयंपाकीण मधले, कडेचे आणि तळचे अशी तीन ठिकाणची शिते काढून पाहते.

आता दुसरे उदाहरण घ्या. ‘या डब्यात फक्त तांदूळ आहेत. ही मूठ याच डब्यातून घेतली आहे. म्हणून या मुठीत तांदूळच आहेत.’ हा अवगामी विचार होय. येथे निष्कर्षात नवे असे काही आलेले नाही. पहिल्या दोन विधानांत जे होते, तेच उलगडून पुढे ठेवले आहे. यासाठीच ती दोन्ही विधाने खरी असतील, तर तिसरे खोटे असणे शक्यच नाही.

सारांश, उद्गामी विचार ज्ञानात भर घालतो, पण पूर्ण खात्री देत नाही. अवगामी विचार खात्री देतो. मात्र ती खात्री पहिल्या विधानांच्या खरेपणावर अवलंबून असते. डब्यात खरोखर फक्त तांदूळच आहेत काय, हे अवगामी विचार सांगू शकत नाही. तर्कशास्त्रात या दोहोंना अनुक्रमे विगमन आणि निगमन असे म्हणतात.

चिंचोक्यांचा पाठ

तिसरी-चौथीच्या वर्गात ‘दोन विषम संख्यांची बेरीज सम असते’ हा नियम शिकवावयाचा आहे, असे समजू. फळ्यावर नियम लिहून तो पाठ करून घेणे हा सोपा मार्ग. पण त्यात मुलांच्या बुद्धीला काम उरत नाही. चांगला शिक्षक मुलांना चिंचोके देतो आणि बेरजा करावयास सांगतो. ३ आणि ५ मिळून ८, ७ आणि ९ मिळून १६, ११ आणि ३ मिळून १४. दहा-बारा उदाहरणे झाली की एखादे मूल आपणहून उठून म्हणते, ‘‘गुरुजी, दर वेळी समच येते!’’ नियम मुलाने शोधला. उद्गामी पद्धतीचे यश ते हेच.

बहुतेक पाठ येथेच संपतात. वास्तविक खरा प्रश्न येथे सुरू होतो : दर वेळी म्हणजे किती वेळा? बाराव्या उदाहरणापर्यंत सम आले. तेरा हजाराव्या उदाहरणात येईलच, हे कशावरून?

पुन्हा चिंचोके हाती घ्यावेत. ७ चिंचोक्यांच्या जोड्या लावल्या की तीन जोड्या होऊन एक चिंचोका एकटा उरतो. ९ चे तसेच; चार जोड्या आणि एक एकटा. कोणत्याही विषम संख्येत एक चिंचोका एकटा उरतोच. विषम या शब्दाचा अर्थच तो. आता दोन विषम ढीग एकत्र करा. जोड्या जोड्याच राहतात आणि दोन एकट्यांची एक जोडी होते. कोणीही एकटा उरत नाही. म्हणून बेरीज सम. ढीग केवढाही मोठा असो, या विचारात बाधा येत नाही. बारा उदाहरणांनी जे सुचविले, ते या एका विचाराने सिद्ध केले. हा अवगामी विचार आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही कळतो, हे ध्यानात घ्यावे.

उदाहरणे फसवितात तेव्हा

‘पुष्कळ उदाहरणे जुळली, आता सिद्धतेची गरज काय?’ असे कोणी विचारील. त्यांनी पुढील कृती स्वतः करून पाहावी. एक वर्तुळ काढा. परिघावर दोन बिंदू घेऊन ते रेषेने जोडा. वर्तुळाचे २ भाग होतात. तीन बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू प्रत्येकाशी जोडला तर ४ भाग, चार बिंदूंना ८, पाच बिंदूंना १६. आता सहा बिंदूंना किती? सारा वर्ग एका आवाजात ‘बत्तीस’ म्हणेल. आतील कोणत्याही तीन रेषा एकाच बिंदूत मिळणार नाहीत अशी काळजी घेऊन आकृती काढा व भाग मोजा. ते ३१ भरतात! चार वेळा जुळलेला नियम पाचव्या वेळी मोडला. अनेक उदाहरणे नियमाला बळ देतात, परंतु विरुद्ध जाणारे एकच उदाहरण त्याला पाडावयास पुरेसे असते.

याच्या जोडीला आपल्याच व्यवसायातील एका गुरुजींचा शोध ठेवण्यासारखा आहे. नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत शिकविणाऱ्या द. रा. कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा व त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तीच कृती करा. उत्तर तीन अंकी आले तर आधी शून्य धरून ते चार अंकी करावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ जाऊन ३०८७ उरतात. पुढे ८७३० मधून ०३७८ जाऊन ८३५२. आणि ८५३२ मधून २३५८ जाऊन ६१७४. अधिकात अधिक सात पायऱ्यांत ही संख्या येते आणि मग तीच पुनःपुन्हा येत राहते.

वर्गातील तीस मुलांना तीस वेळा ६१७४ मिळाले, तर नियम सिद्ध झाला काय? नाही. पण अशा एकूण संख्या ८९९१ च आहेत. त्या सर्व तपासता येतात, आणि तपासल्यावर शंकेला जागा उरत नाही. विषम संख्यांना मात्र अंत नाही. त्या सगळ्या कधीच तपासून होणार नाहीत. म्हणून तेथे जोड्यांच्या विचारावाचून गत्यंतर नाही.

सगळ्याच विषयांत अशी सिद्धता मिळत नाही. घोडा, आंबा, दिवा हे शब्द पाहून मुले म्हणतात की आकारान्त नामे पुंलिंगी असतात. तोच शाळा आणि भाषा हे शब्द पुढे येतात. भाषेत नियमाबरोबर अपवादही नोंदवावा लागतो. परिसर अभ्यासात ‘जड वस्तू बुडते’ हा नियम मुले सहज करतात. मोठा ओंडका तरंगतो आणि लहानसा खडा बुडतो, हे दाखविले की तो त्यांना सुधारावा लागतो. नियम सुधारणे म्हणजे हार नव्हे. शास्त्रे याच रीतीने वाढली आहेत.

शिक्षकाचे स्वतःचे अनुमान

आपल्या नैयायिकांनी डोंगरावरील धुरावरून तेथे अग्नी असल्याचे अनुमान केले. त्यात वरील दोन्ही विचार एकत्र आलेले आहेत. ‘जेथे धूर तेथे अग्नी’ ही व्याप्ती स्वयंपाकघरासारख्या ठिकाणी वारंवार पाहून मिळते आणि मग ती समोरच्या डोंगराला लावली जाते. चढण कच्ची असेल तर उतरणही धोक्याची, हे त्यावरून उमगते. हा धोका मी स्वतः अनुभवला आहे, आणि त्याची किंमत एका मुलीने दिली आहे.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत माझ्या वर्गात ऊसतोड मजुरांची पाच-सहा मुले होती. दिवाळीच्या सुमारास ती आईवडिलांबरोबर जात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येत. गणितात ती मागे पडलेली दिसली. मी मनाशी नियम करून टाकला : ऊसतोडीची मुले गणितात कच्ची. पुढील वर्षी अशाच कुटुंबातील एक मुलगी चौथीत आली. मी तिला न तपासताच मागे बसविले. सोपी उदाहरणे तेवढी तिच्या वाट्याला येत. कित्येक आठवड्यांनंतर तिचे वडील शाळेत आले असता, उचलीतून किती फिटले आणि किती राहिले, हा हिशोब तिने टनाचा दर धरून माझ्यासमोर तोंडी करून दाखविला. मी तो कागदावर पडताळून पाहिला. तो बरोबर होता.

माझ्या विचाराची घडण पाहा. ‘ही सर्व मुले कच्ची, ही त्यांतील एक, म्हणून ही कच्ची.’ अवगामी मांडणीत कोठेही दोष नाही. दोष पहिल्या विधानात होता. पाच-सहा मुलांवरून मी शेकडो मुलांविषयी नियम केला. आणि ती पाच-सहादेखील मी सहा महिने शाळा बुडाल्यावर तपासली होती. ते शीत कच्चे होते, कारण त्याला आच मिळाली नव्हती. बिनचूक तर्काने चुकीचे विधान पुढे नेले, म्हणूनच ती चूक इतके दिवस मला दिसली नाही.

वर्गासाठी काही सूचना

१. नियम आधी सांगू नये. उदाहरणे निरनिराळ्या प्रकारची द्यावीत; लहान, मोठी आणि अडचणीची अशी तिन्ही ठिकाणची शिते पाहावीत.

२. मुलांनी नियम सांगितला की ‘नेहमी असेच होईल कशावरून?’ हा प्रश्न अवश्य विचारावा, आणि मुलाने विचारला तर त्याला खाली बसवू नये.

३. नियम मोडणारे उदाहरण शोधण्यास मुलांना उत्तेजन द्यावे. ते शोधणाऱ्या मुलाचे वर्गासमोर कौतुक करावे.

४. कारण उलगडल्यानंतर नियम नव्या उदाहरणांना लावून भरपूर सराव घ्यावा. चढून गेल्यावर उतरणेही तितकेच आवश्यक आहे.

५. एखाद्या मुलाविषयी ‘तो अमक्यांतला, म्हणून असा’ असे वाक्य मनात आले, की त्यातील पहिले विधान कोणत्या शितांवरून केले होते, हे आधी तपासावे.

केंद्राच्या येत्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शिक्षकाने या पद्धतीने घेतलेल्या एका पाठाचे टाचण आणावे. मुलांनी विचारलेले प्रश्नही त्याच्या शेवटी लिहून आणावेत, अशी विनंती आहे.