चकवा लावून घेण्याची हौस

कोकणातल्या आमच्या घरी भुतांचे पत्ते ठरलेले होते. मुंजा पिंपळावर, हडळ पाणवठ्यावर, देवचार वेशीवर. पत्ता ठाऊक असला की टाळता येतं. चकव्याचं तसं नव्हतं. त्याला ना रूप, ना जागा. माणूस रोजच्या पायवाटेनं घरी निघतो. तोच बांध, तोच वाकडा आंबा, आणि अर्ध्या तासानं पुन्हा तोच वाकडा आंबा. रात्रभर चालून उजाडताना बघतो तर घर हाकेच्या अंतरावर. चकव्यानं कुणाचा गळा दाबल्याचं आजीनं कधी सांगितलं नाही. तो फक्त वाट फिरवतो. तरी मला सगळ्यांत जास्त धास्ती त्याचीच.

पन्नाशीनंतर ही धास्ती पुन्हा भेटली ती लॅपटॉपवर. भाचा म्हणाला, "मावशी, तू धारप-मतकरींच्या भयकथांवर वाढलेली. यात बंदुका-बिंदुका काही नाहीत, नुसतं चालायचंय. बघ तर खेळून." नुसतं चालायचंय, हे त्यानं खरं सांगितलं. तेव्हापासून घरात निजानीज झाली की मी हेडफोन लावून बसते. पहिल्या आठवड्यात भीतीपेक्षा मळमळच जास्त झाली. पडद्यावरची मान वळते आणि आपली वळत नाही, हे पोटाला पटत नाही. आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवून ते दिवस काढले.

भाच्यानं हाती दिले ते इंडी भयगेम. इंडी गेम म्हणजे मोठ्या कंपनीचा पैसा पाठीशी नसलेला, एकट्यादुकट्यानं किंवा चार-सहा जणांनी मिळून बनवलेला गेम. भयाच्या प्रांतात ही गरिबी फार उपयोगी पडते. राक्षस हुबेहूब दाखवायला पैसे लागतात; अंधार फुकट असतो.

नुसतं भटकायच्या या गेमच्या घराण्याचा मूळपुरुष मात्र इंडी नव्हता. ओसामु सातो या चित्रकार-संगीतकारानं १९९८ साली प्लेस्टेशनसाठी 'एलएसडी: ड्रीम एम्युलेटर' केला, आणि तो फक्त जपानमध्ये विकला गेला. प्रकाशक कंपनीतल्या हिरोको निशिकावा यांनी सुमारे दहा वर्षं लिहिलेली स्वप्नांची वही हा त्याचा आधार. एक स्वप्न फार तर दहा मिनिटांचं. भिंत असो, माणूस असो, जनावर असो, धक्का लागला की आपण भलतीकडेच. जिंकणं नाही, हरणं नाही. भाच्याच्या एका मित्राकडे जुनं यंत्र होतं, त्यावर मी तो दोनदा खेळले आणि खरं सांगायचं तर कंटाळले. दुसऱ्याचं स्वप्न ऐकताना जो येतो तोच कंटाळा. पण यातूनच पुढचं पीक आलं, म्हणून मान द्यायचा.

त्या पिकातला माझा लाडका गेम 'युमे निक्की', म्हणजे स्वप्नांची रोजनिशी. २००४ साली जपानमध्ये आलेला हा गेम किकियामा या टोपणनावाच्या व्यक्तीनं 'आरपीजी मेकर २००३' या हौशी लोकांच्या सॉफ्टवेअरवर तयार केला आणि फुकट वाटला. किकियामा कोण, हे आजवर जगासमोर आलेलं नाही. मादोत्सुकी नावाची मुलगी, तिची एवढीशी खोली. पलंग, टेबलावर वही, टीव्ही, बाहेर गॅलरी. खोलीचं दार उघडायला सांगितलं की ती मान हलवून नाही म्हणते. का, ते कुणी सांगत नाही. टीव्हीला जोडलेल्या खेळात वरून पडणारी वांगी झेलायची, एवढाच तिचा विरंगुळा. मग ती झोपते. स्वप्नात तीच खोली, तीच गॅलरी. पण या खेपेला दार उघडतं आणि बाहेर काळोखात गोलाकार मांडलेली बारा दारं. प्रत्येक दारामागे एक जग, आणि त्या जगांतून एकमेकांत जाणाऱ्या आडवाटा. नकाशा नाही, संवाद जवळजवळ नाहीत. सायकल, छत्री, मांजराचे कान, डोक्याच्या जागी दिवा अशा चोवीस वस्तू वेचायच्या. नको झालं की मादोत्सुकी स्वतःच्या गालाला चिमटा काढून जागी होते.

एवढ्या भाबड्या चित्रांना काय भ्यायचं, असं मलाही वाटलं होतं. चौकोनी ठिपक्यांची बाहुली, काही सेकंदांचं संगीत तेच तेच. पण चौथ्या-पाचव्या रात्री लक्षात आलं, की मी एका वाळवंटासारख्या जागी वीस मिनिटं एकाच दिशेनं चालते आहे आणि मघाचंच झाड तिसऱ्यांदा आलं आहे. या जगांच्या कडा एकमेकींना शिवलेल्या असतात. उजवीकडून गेलात की डावीकडून येता. इथे मला आमचा वाकडा आंबा दिसला. आजीनं सांगितलेल्या चकव्यात मी कधी सापडले नव्हते. यात सापडले, आणि तेही चपला न घालता.

यातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग दिव्याच्या बटणाचा. गुलाबी समुद्रातल्या एका छोट्या घरात सोनेरी केसांची मुलगी उभी असते, भिंतीवर बटण. दिवा बंद करा, चालू करा, काही होत नाही. चौसष्टांत एकदा मात्र होतं. काय, ते इथे लिहून मजा घालवत नाही. माझं म्हणणं इतकंच, की त्रेसष्ट वेळा काहीच न घडणं ही भयकथेतली फार मोठी कारागिरी आहे. बटण दाबणारं बोट आपलंच असतं. थांबायला कुणाचीच ना नसते.

बोटाचा हा मुद्दा ज्यांनी सर्वांत नेमका पकडला ते स्वीडनचे फ्रिक्शनल गेम्स. त्यांचा 'अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट' २०१० चा. साल १८३९, प्रशियातला एक किल्ला, स्मृती गेलेला डॅनियल. हत्यार एकही नाही. कंदील आहे, पण तेल मोजकं. अंधारात थांबलं तर डॅनियलचं डोकं फिरू लागतं, उजेडात थांबलं तर जो शोधतो आहे त्याला दिसतं. आणि दारं! इतर गेममध्ये कळ दाबली की दार उघडतं. इथे माउसचं बटण धरून हात मागे ओढावा लागतो, जितका ओढाल तितकीच फट. सिनेमात दार आपलं आपण करकरतं. आपण डोळे मिटले तरी पुढचं घडून जातं. पुस्तकाची दोन पानं गाळता येतात. इथे रात्रभर बसून राहा, दार उघडणार नाही. त्यामागे काय आहे ते बघायचं तर भीतीचा धनी आपणच व्हायचं.

त्यात पाणी भरलेलं एक तळघर आहे. पाण्यात कुणीतरी आहे. ते दिसत नाही, फक्त पाणी उडत येताना दिसतं. छपाक, छपाक, जवळ. पेटीवरून पेटीवर उड्या मारत मी निम्म्यात पोचले, आणि सासूबाई पाणी प्यायला उठल्या. माठावरचं झाकण वाजलं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं शेजारच्या बिऱ्हाडात दिवा लागला. "अगो, परीक्षा आहे का तुझी?" एवढंच विचारून सासूबाई झोपायला गेल्या.

बाकीच्या काहींना ओझरतं भेटते. २०१२ चा 'स्लेंडर' म्हणजे रानात आठ कागद गोळा करणं. पहिले चार छान, पुढे घाई. त्याच वर्षी स्वतंत्र रूपात आलेल्या 'डिअर एस्थर'मध्ये स्कॉटलंडजवळच्या एका ओसाड बेटावर फक्त फिरायचं. भूत आहे की शोक आहे, ठरत नाही. स्कॉट कॉथनचा 'फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज' (२०१४) जगभर गाजला. त्याच्या आधीच्या मुलांसाठीच्या गेममधली पात्रं यांत्रिक बाहुल्यांसारखी भयाण दिसतात अशी टीका झाली, तेव्हा त्यानं खरोखरच भयाण बाहुल्या केल्या. हा किस्सा मला गेमपेक्षा आवडतो. कानाजवळ अचानक किंचाळून दचकवणं ही विद्या शाळेतल्या पोरांनाही येते.

याच्या उलट किटी हॉररशो हिचा 'अ‍ॅनाटॉमी' (२०१६). रिकामं, अंधारं घर. एकेक कॅसेट शोधायची आणि लावून ऐकायची. कॅसेटवरचा आवाज घराच्या खोल्यांची शरीराच्या अवयवांशी तुलना करत जातो, शांतपणे, शिकवल्यासारखा. मग गेम आपोआप बंद पडतो. मी लॅपटॉपला दोष दिला. पुन्हा उघडला तर घर तेच, पण बिघडलेलं. गेम बंद पडणं हाच गेमचा भाग होता. म्हणजे 'पुरे झालं, झोपते' म्हणायची सोयही त्यानं काढून घेतली. डेव्हिड शिमान्स्कीचा 'आयर्न लंग' (२०२२) तासाभराचाच. रक्ताच्या समुद्रात बुडवलेली पाणबुडी, दार बाहेरून वेल्डिंग केलेलं, काच झाकलेली. हातात नकाशा, समोर आकडे, आणि बटण दाबलं की बाहेरचा एक धुरकट स्थिर फोटो. समुद्र एकदाही वाहता दिसत नाही. गरिबीच्या कारागिरीचा यापेक्षा चोख नमुना मला माहीत नाही.

आणि शेवटी अस्सल चकवा: २०२३ चा 'द एक्झिट ८', कोताके क्रिएट यांचा. जपानमधल्या भुयारी स्थानकाचा पांढऱ्या फरशांचा बोळ. पिवळी पाटी, भिंतीवर जाहिराती, समोरून चालत येणारा एक गृहस्थ. कोपरा वळलात की पुन्हा तोच बोळ, तोच गृहस्थ. काही वेगळं दिसलं तर मागे फिरा, नसेल तर पुढे जा. चुकलात की आकडा पुन्हा शून्य. आठव्या दाराशी सुटका. आजी सांगायची, चकवा लागला तर पळू नये, खाली बसावं, उजाडायची वाट बघावी. इथला उतारा वेगळा: नीट बघावं. दुसऱ्या दिवशी सीएसएमटीच्या सबवेतून जाताना मी भिंतीवरच्या जाहिराती मोजत होते. या गेमवर २०२५ मध्ये जपानी चित्रपटही आला, पण बोळात दुसरा कुणी चालणार असेल तर मी कशाला तिकीट काढू?

या सगळ्यांत ज्याच्याविषयी मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो तैवानच्या रेड कँडल गेम्सचा 'डिटेन्शन' (२०१७). साठच्या दशकातली लष्करी कायद्याखालची शाळा. बंदी असलेली पुस्तकं चोरून वाचणारा गट, आणि त्यांची चहाडी करणारं कुणीतरी. भुतं आली की श्वास रोखून पुढे सरकायचं. भाताचा वाडगा ठेवला की ती तिकडे वळतात. तो वाडगा बघून मी खुर्चीत सरसावून बसले. तिठ्यावर ठेवलेला दहीभाताचा उतारा लहानपणी ओलांडू नये म्हणून मी किती लांबचा वळसा घेतला आहे! इतक्या दूरच्या मुलखातलं ते भूत मला ओळखीचं वाटलं, कारण बनवणाऱ्यांनी ते कुठून उसनं आणलं नव्हतं. याच मंडळींच्या पुढच्या गेममध्ये, २०१९ च्या 'डिव्होशन'मध्ये, चीनच्या अध्यक्षांची खिल्ली उडवणारा एक ताईतासारखा कागद सापडला. गेम काही दिवसांतच विक्रीतून गेला. २०२१ साली त्यांनी तो स्वतःच्या दुकानातून पुन्हा विकायला काढला.

स्वित्झर्लंडच्या मिशेल झीगलरचा 'मुंदाउन' (२०२१) असाच. त्याची सगळी चित्रं हातानं पेन्सिलीनं काढलेली, आणि पात्रं बोलतात रोमान्श, म्हणजे त्या देशाच्या चार राष्ट्रीय भाषांतली सर्वांत लहान भाषा. आजोबा गेल्याचं कळून नातू डोंगरातल्या गावी येतो, गवताची भुतं हिंडत असतात, मध्येच चुलीवर कॉफी करून घेता येते. एका खोऱ्याची भाषा, एका खोऱ्याचं भय, आणि जगभरचे लोक खाली इंग्रजी ओळी वाचत ते मुकाट्यानं खेळतात.

मग आपला चकवा कुठे आहे? कारागीर नाहीत म्हणावं, तर 'राजी' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनी २०२० साली केला आणि तो देशाबाहेरही खेळला गेला. तो भयाचा नाही, साहसाचा आहे. पण हात आहेत हे त्यानं दाखवलं. मला फार काही नको. पावसाळी रात्र, बॅटरी संपत आलेली, एक बांध, एक वाकडा आंबा, आणि लांबून मालवणीत हाक मारणारी आजी, जिच्या हाकेला ओ द्यायची की नाही ते माझं मी ठरवायचं. कुणी तरुण हे करत असेल तर अंकाच्या पत्त्यावर कळवा. पहिली गिऱ्हाईक मी.

तोवर 'युमे निक्की' अजून फुकट मिळतो आणि जुनाट लॅपटॉपवरही चालतो. माझ्या चोवीसपैकी सतरा वस्तू झाल्या आहेत. सगळ्या जमल्यावर जो शेवट येतो तो हलका नाही, असं भाच्यानं आधीच बजावून ठेवलं आहे. म्हणून उरलेल्या सात मी सावकाश शोधते आहे.