आयझॉलचा विजेता, कोलकात्याचा पाहुणा: खालिद जमील यांची वाटचाल

कोलकाता : भारतीय फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांचे नाव जाहीर झाले आणि १३ वर्षांनंतर हे पद एका भारतीयाकडे आले. २०१२ मध्ये सावियो मेडेरा पायउतार झाल्यापासून या पदावर परदेशी प्रशिक्षकच होते. जमील यांच्या यशाचा उल्लेख निघाला की आयझॉल, गुवाहाटी आणि जमशेदपूर ही नावे येतात. कोलकात्याचे येत नाही. वास्तविक या शहरातील ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही क्लबांचे प्रशिक्षकपद त्यांनी भूषविले आहे. मात्र दोन्हीकडचा त्यांचा मुक्काम एका हंगामापलीकडे गेला नाही.

कुवेतमध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या फुटबॉलमध्ये घडलेले जमील हे मधल्या फळीतील खेळाडू. महिंद्र युनायटेड व एअर इंडियाकडून ते खेळले, भारताचेही प्रतिनिधित्व त्यांनी केले. परंतु दुखापतींनी त्यांची पाठ सोडली नाही. २००७ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या मुंबई एफसीत ते खेळाडू म्हणून दाखल झाले खरे, पण क्लबसाठी मैदानात उतरणे त्यांना शक्यच झाले नाही. २००९ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्याच क्लबने त्यांच्याकडे प्रशिक्षकपद सोपविले.

सीमारेषेबाहेर बसून खेळ शिकण्याची ही वाट जगाला अपरिचित नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये आक्रमणाची सूत्रे हाती असणाऱ्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. त्याचा राखीव साथीदार प्रत्यक्ष खेळतो कमी, पण प्रत्येक चाल त्याला पाठ असावी लागते. अशा राखीव भूमिकेत बरीच वर्षे काढलेले डग पीडरसन यांनी २०१८ मध्ये प्रशिक्षक म्हणून फिलाडेल्फिया ईगल्सला सुपर बोल जिंकून दिला.

मुंबई एफसीत जमील यांनी सात वर्षे काढली. हाताशी पैसा बेताचा, नामांकित खेळाडू मोजके. तेव्हा आधी गोल होऊ द्यायचा नाही, मग संधीची वाट पाहायची, ही त्यांची रीत तेथेच पक्की झाली. २०१६ मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला. पुढच्याच हंगामात तो क्लब तळाला गेला आणि जमील यांचा आयझॉल एफसी आय-लीगचा विजेता ठरला.

त्या विजयाची थोरवी समजण्यासाठी पार्श्वभूमी पाहावी लागते. आदल्या वर्षी आयझॉलची पदावनती झाली होती. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळेच त्यांना पुन्हा स्थान मिळाले. जमील यांनी मिझोरामच्या तरुणांच्या जोडीला जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबईकर आणि सीरियाचा महमूद अल अमना यांना आणले. २२ एप्रिल २०१७ रोजी आयझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० असे हरविले आणि अखेरीस अवघ्या एका गुणाच्या फरकाने त्यांनाच मागे टाकले.

साहजिकच कोलकात्याचे बोलावणे आले. २०१७-१८ साठी ईस्ट बंगालने जमील यांना आणि अल अमनालाही आणले. सुरुवात शुभ झाली : सिलिगुडीत मोहन बागानशी २-२ अशी बरोबरी साधून संघाने सलग आठव्यांदा कोलकाता लीग जिंकली. परंतु २००३-०४ नंतर राष्ट्रीय विजेतेपदाला मुकलेल्या या क्लबाच्या चाहत्यांना आय-लीग हवी होती. तेथे मोहन बागानविरुद्धचे दोन्ही सामने गेले आणि संघ चौथा आला. हंगामाच्या उत्तरार्धात सुभाष भौमिक तांत्रिक संचालक म्हणून आले. सुपर चषकाच्या अंतिम सामन्यात बंगळुरूने ४-१ असा पराभव केला आणि जमील यांचा ईस्ट बंगालमधील अध्याय संपला.

जानेवारी २०१९ मध्ये मोहन बागानने हंगामाच्या मध्यावर त्यांना पाचारण केले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला ईस्ट बंगालकडून ०-२ अशी हार पत्करावी लागली. संघ पाचवा आला आणि पुढील हंगामासाठी क्लबने स्पॅनिश प्रशिक्षक किबू व्हिकुन्या यांना आणले.

याचा दोष केवळ कोलकात्याच्या उतावीळपणाला देणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. येथील प्रेक्षकाला प्रशिक्षक कसा असावा याची जुनी आठवण आहे. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यासाठी सॉल्ट लेक मैदानावर १ लाख ३१ हजारांहून अधिक लोक जमले, ते खेळाडूंइतकेच अमल दत्त आणि पी. के. बॅनर्जी या दोन प्रशिक्षकांसाठी. मोहन बागानच्या दत्त यांनी आपल्या आक्रमक ‘डायमंड’ रचनेचा आधीपासून गाजावाजा केला होता. ईस्ट बंगालने ४-१ असा विजय मिळविला, बायचुंग भुतियाने तीन गोल केले. तरीही त्या रचनेची चर्चा शहरात आजही होते. मितभाषी आणि बचावाला प्रथम स्थान देणारे जमील या परंपरेत बसणारे नव्हते. शिवाय येथे बहुतेक प्रतिस्पर्धी बरोबरीसाठीच उतरतात. त्यांची तटबंदी फोडण्याची जबाबदारी मोठ्या क्लबवर असते.

पुढे नॉर्थईस्ट युनायटेडला २०२०-२१ मध्ये त्यांनी उपांत्य फेरीत नेले. इंडियन सुपर लीगमध्ये भारतीय प्रशिक्षकाने हे प्रथमच साधले. २०२४-२५ मध्ये जमशेदपूरलाही त्यांनी तिथवर पोहोचविले. दोन्ही वेळा वाट अडविली ती कोलकात्याच्या हिरव्या-तांबड्या संघाने.

राष्ट्रीय संघातही हेच चित्र दिसले. ताजिकिस्तानात २-१ असा विजय मिळवून त्यांनी प्रारंभ केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बलाढ्य ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून काफा नेशन्स चषकात तिसरे स्थान मिळविले. त्याच स्पर्धेत अफगाणिस्तानविरुद्ध मात्र गोल झाला नाही. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरने २-१ असे हरविले आणि आशिया चषकाची पात्रता हुकली. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने १-० असा, भारतावर २२ वर्षांतील आपला पहिला, विजय मिळविला. बलाढ्यांना रोखणारी रीत, जिंकणे अपेक्षित असलेल्या सामन्यांत अडखळली. कोलकात्याने सात-आठ वर्षांपूर्वी उपस्थित केलेला प्रश्न आता दिल्लीतील फुटबॉल महासंघासमोर आहे.