उतरण्याचं बंदर, निरोपाचं गाव

विक्रोळीचा फ्रान्सशी संबंध आहे, असं कन्नमवारनगरच्या नाक्यावर कुणाला सांगितलं तर तो आधी आपल्याकडे नीट निरखून पाहील. पण संबंध आहे, आणि तो चांगला पोलादी आहे. इस्रोच्या रॉकेटांमध्ये वापरलं जाणारं ‘विकास’ इंजिन जिथे घडतं त्या ठिकाणांपैकी एक म्हणजे विक्रोळीचा गोदरेजचा कारखाना. या इंजिनाचं मूळ फ्रेंचांच्या ‘व्हायकिंग’ इंजिनात आहे. १९७४ च्या सुमारास झालेल्या करारात पैशांऐवजी माणसांचा मोबदला ठरला. इस्रोचे इंजिनिअर सेन नदीकाठच्या व्हर्नाँ गावात राहून फ्रेंचांच्या प्रकल्पावर काम करायचे आणि त्या बदल्यात तंत्रज्ञान मिळायचं. नकाशे फ्रेंचमध्ये, टिपणं फ्रेंचमध्ये. त्यामुळे कामापुरती भाषा शिकणं ओघानेच आलं. दुसरा धागा अलीकडचा. पूर्व द्रुतगती महामार्गालगत कॅपजेमिनीचं मोठं कार्यालय आहे. ही कंपनी सर्ज काँफ यांनी १९६७ मध्ये आल्प्सच्या पायथ्याशी ग्रनोब्ल शहरात सुरू केली.

त्यामुळे विक्रोळी, भांडुप, घाटकोपर या पट्ट्यात फ्रेंच शिकणारी मुलं भेटतात याचं नवल वाटू नये. काहींनी अकरावीला ‘स्कोअरिंग’ विषय म्हणून फ्रेंच घेतलेलं असतं आणि बारावीनंतर सोडून दिलेलं असतं. काही मात्र चिकाटीने पुढे जातात. विक्रोळीहून लोकल पकडून न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमध्ये अलियाँस फ्राँसेझचे वर्ग करतात, नाहीतर कलिन्याला विद्यापीठाच्या फ्रेंच विभागात नाव घालतात. मग येते ‘देल्फ’ची परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं अशा चार भागांना प्रत्येकी २५ गुण. पास व्हायला एकूण ५० लागतात, पण कोणत्याही एका भागात ५ च्या खाली गेलात की बाकीचं सगळं पाण्यात. फ्रेंच माध्यमातून शिकायचं तर बहुतेक विद्यापीठं यातली बी-टू पातळी मागतात.

ही मुलं फ्रान्सला गेली की त्यांतली बरीच दक्षिणेत पोचतात: माँपेल्ये, एक्स, तुलूज, नीस. पॅरिसपेक्षा राहणं स्वस्त आणि थंडी कमी, ही व्यवहारी कारणं. पण मुंबईकरांची ही वाट त्यांच्या जन्माच्या खूप आधी पडली आहे. त्या वाटेवरून कोण कसं गेलं आणि कोणाला तिथून नीट निरोप घेता आला, हे पाहिलं की भाषा शिकण्याचा एक वेगळाच उपयोग ध्यानात येतो.

मार्सेयचा धक्का

जुन्या मराठी पुस्तकांत दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेय बंदराचं नाव ‘मार्सेलिस’ असं येतं. मुंबईहून विलायतेला निघालेल्या उतारूला दोन पर्याय असत. बोट जिब्राल्टरला वळसा घालून थेट इंग्लंडला जाई. पण ज्यांना घाई असे, किंवा बिस्केच्या उपसागरात पोटातलं सगळं बाहेर काढायची हौस नसे, ते मार्सेयला उतरून रेल्वेने फ्रान्स ओलांडत. आठवडाभर तरी वाचे. म्हणून मुंबईच्या कित्येक बॅरिस्टरांनी, डॉक्टरांनी आणि विद्यार्थ्यांनी युरोपच्या भूमीवरचं पहिलं पाऊल इथेच ठेवलं. गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजीही सप्टेंबर १९३१ मध्ये इथेच उतरले. या प्रवाशांपैकी बहुतेकांना दक्षिण फ्रान्स दिसला तो गाडीच्या खिडकीतून.

विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये शिकायला निघाले, तेव्हा तेही याच बंदरातून पुढे लंडनला गेले. चार वर्षांनी त्याच बंदराने त्यांना दुसऱ्यांदा पाहिलं. ८ जुलै १९१० च्या सकाळी, कैदी म्हणून हिंदुस्थानात नेलं जात असताना, ‘मोरिया’ बोटीच्या खिडकीतून त्यांनी उडी टाकली, पोहत धक्का गाठला आणि ते पळत सुटले. फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका हवालदाराने त्यांना धरलं आणि पुन्हा बोटीवर नेऊन सोडलं. सावरकर त्याला आपल्याला दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याची विनंती करत होते आणि त्याला त्यांचं इंग्रजी कळत नव्हतं, असं चरित्रकारांनी नोंदवलं आहे. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ च्या निकालात लवादाने अटक नियमाला धरून झाली नाही हे मान्य केलं, पण कैदी परत करण्याचं बंधन ब्रिटनवर नाही, असं सांगून फाइल मिटवली. हवालदाराला इंग्रजी येत असतं तर इतिहास वेगळा घडला असता का, या प्रश्नाला उत्तर नाही. फ्रान्सच्या भूमीवर मिळालेल्या त्या थोड्या मिनिटांत हाताशी शब्द मात्र नव्हते.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर २६ सप्टेंबर १९१४ पासून हिंदी फौजा याच धक्क्यावर उतरू लागल्या. त्यांत खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सचे लोक होते, आणि या पलटणीत मराठा जवान मोठ्या संख्येने असत. मार्सेयच्या छावणीतून रेल्वेने तुलूजमार्गे ओर्लेआँ, आणि तिथून आघाडीवर. २८ ऑक्टोबरला, म्हणजे फ्रान्समध्ये उतरून पुरते दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, यांच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या नव्ह शापेलच्या लढाईत अक्षरशः कापल्या गेल्या. मार्सेयच्या माझार्ग भागात हिंदी सैनिकांची दफनभूमी आणि स्मारक आहे. सातारा-रत्नागिरीकडच्या घरी कोणीतरी ‘फ्रान्सात गेला’ एवढंच माहीत होतं. कुठल्या गावात, हे सांगायला गावाचं नाव तरी उच्चारता यायला हवं.

अलियाँसचा विद्यार्थी

मार्सेयला उतरून नुसतं पुढे जाण्याच्या या रीतीला एक मोठा अपवाद म्हणजे सय्यद हैदर रझा. जन्म १९२२ चा, मध्य प्रांतातला. चित्रकलेचं शिक्षण आधी नागपूरच्या कलाशाळेत, मग मुंबईत सर ज. जी. कलाशाळेत. १९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे यांच्याबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रं पाहिली आणि त्यांत बांधणी कमी आहे, फ्रेंच चित्रकार सेझान बघा, असं स्पष्ट सांगितलं. एखाद्याने सेझानच्या चित्रांचं पुस्तक मिळवलं असतं. रझा मुंबईच्या अलियाँस फ्राँसेझमध्ये जाऊन फ्रेंच शिकू लागले. सेझान ज्या देशात आहे तिथली भाषा आधी, चित्रं नंतर, असा हा हिशेब होता. त्यांना फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९५० मध्ये अकबर पदमसींसोबत ते बोटीने निघाले.

शिक्षण पॅरिसला झालं, पण चित्रांत लगेच दक्षिण आली. १९५१ मधलं ‘ओ द कान्य’ हे त्यांचं गाजलेलं चित्र. कान्य हे नीसजवळचं गाव. वरच्या टेकडीवर जुनी वस्ती, घरांवर घरं रचलेली. त्याच गावाच्या परिसरात चित्रकार रन्वार यांनी आयुष्याची अखेरची वर्षं काढली होती. रझांच्या चित्रात ती घरं धारदार ठोकळ्यांसारखी उभी आहेत, माणूस नाही. वर काळं आकाश आणि त्यात सूर्य. काश्मीरमध्ये ज्या बांधणीची उणीव दाखवली गेली होती, ती इथे आलेली दिसते.

१९५६ चा ‘प्री द ला क्रितिक’ हा समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणारे ते पहिले परदेशी चित्रकार. १९५९ मध्ये चित्रकार जानीन माँजिला यांच्याशी लग्न झालं. पुढे माँतोंच्या वरच्या डोंगरात गोर्बियो नावाच्या खेड्यात दोघांनी घर केलं. उन्हाळा तिथे, एरवी पॅरिस, असा क्रम अनेक वर्षं चालला. कॅनव्हास गोर्बियोत, त्यावर अक्षरं देवनागरीत, असं रझांच्या नंतरच्या चित्रांत कितीदा तरी दिसतं. साठ वर्षं फ्रान्समध्ये राहूनही त्यांची देवनागरी सुटली नाही. उलट दुसरी भाषा पक्की झाल्यावरच त्यांनी पहिली चित्रात आणली.

जानीन २००२ मध्ये गेल्या. २०१० च्या अखेरीस रझा दिल्लीला परतले, २३ जुलै २०१६ रोजी वारले आणि मध्य प्रदेशातल्या मंडला इथे वडिलांच्या शेजारी त्यांचं दफन झालं. मार्सेयला उतरून पुढे गेलेल्या हजारो मुंबईकरांना दक्षिण फ्रान्सचा निरोप घ्यावाच लागला नाही, कारण ते तिथे कधी पोचलेच नव्हते. रझांना तो घ्यावा लागला. ज्या गावची भाषा येते, त्याच गावाचा निरोप घेता येतो. बाकीच्या गावांतून आपण नुसते निघतो.

उलट्या दिशेची वाट

मुंबईहून दक्षिण फ्रान्सला गेलेला आणखी एक माणूस मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाला चांगला माहीत आहे. स्कॉटिश विचारवंत आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१९ मध्ये इथे प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्या व्याख्यानांना बसत. गेडिस यांनीच घुर्यांची विलायतेच्या शिक्षणासाठी निवड केली. घुर्ये परतून १९२४ मध्ये विभागप्रमुख झाले. त्याच वर्षी प्रकृती ढासळलेले गेडिस माँपेल्येला गेले. तिथे एका ओसाड टेकडीवर त्यांनी ‘कोलेज देझेकोसे’, म्हणजे स्कॉट विद्यार्थ्यांचं वसतिगृह-विद्यालय, उभं केलं आणि शेजारी हिंदी विद्यार्थ्यांसाठीही जागा असावी म्हणून धडपड केली. परक्या गावात राहून, चालून, तिथल्या लोकांशी बोलून शिकायचं ही त्यांची पद्धत. १७ एप्रिल १९३२ रोजी ते तिथेच वारले. आज माँपेल्येला जाणाऱ्या विक्रोळीच्या विद्यार्थ्याला हे नाव बहुधा ठाऊक नसतं, पण तो जातो ते गेडिसच्याच पद्धतीने.

मागितलं माँपेल्ये, मिळालं माँद

आता तिथे राहण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे भाषा-सहायकाचं काम. फ्रेंच शिकणाऱ्या तरुणांना तिथल्या शाळांत इंग्रजी बोलायला शिकवण्यासाठी घेतात: ऑक्टोबर ते एप्रिल असे साधारण सात महिने, आठवड्याला बारा तास, महिन्याला विद्यावेतन. अर्जात शैक्षणिक विभागांची पसंती देता येते, गावाची नाही. इथे गंमत होते. माँपेल्ये विभाग म्हटलं की डोळ्यांपुढे समुद्र येतो. पण याच विभागात लोझेर हा डोंगराळ जिल्हा आहे आणि त्याचं मुख्य गाव माँद जेमतेम बारा हजार वस्तीचं. माँपेल्येजवळच्या पालावासच्या किनाऱ्याची स्वप्नं बघत बॅग भरावी आणि बर्फात उतरावं, असं घडू शकतं. एका अर्थी हे बरंच. मोठ्या शहरात इंग्रजीवर निभावतं. माँदमध्ये पाववाल्याशी फ्रेंचच बोलावं लागतं.

आणि तिथे पहिला धक्का बसतो तो कानाला. मुंबईत कॅसेट-सीडीवर शिकलेलं फ्रेंच पॅरिसचं. पावाला ‘पँ’, उद्याला ‘दमँ’. दक्षिणेत अनुनासिकाला मागे ‘ग’चं शेपूट लागतं: ‘पेंग’, ‘दमेंग’. पॅरिसकर गिळतात तो शब्दाच्या शेवटचा ‘अ’ इथे ठणकावून ऐकू येतो. मालवणी आणि वऱ्हाडी दोन्ही ऐकत वाढलेल्या मुंबईच्या मुलाला याची सवय लवकर होते. पुण्याच्या मराठीलाच मराठी मानणाऱ्याला जरा उशीर लागतो.

या हेलामागे एक दबलेली भाषा आहे. दक्षिणेत शतकानुशतकं ऑक्सितान बोलली जाई. तिचंच एक रूप प्रोव्हाँसाल. फ्रेडेरिक मिस्त्राल यांना १९०४ चं नोबेल या प्रोव्हाँसालमधल्या काव्यासाठी मिळालं आणि त्या पैशांतून त्यांनी आर्लमधलं लोकजीवनाचं संग्रहालय वाढवलं. त्याच काळात शाळेत ही भाषा बोलणाऱ्या पोराच्या हातात शिक्षेची खूण दिली जाई. दिवसाअखेर ती ज्याच्याकडे उरे त्याला शिक्षा. आज तुलूजच्या मेट्रोत स्थानकांची नावं फ्रेंचपाठोपाठ ऑक्सितानमध्ये पुकारतात, पण ती ऐकून समजणारे प्रवासी थोडेच. मुंबईच्या लोकलमध्ये मराठी उद्घोषणा ऐकत वाढलेल्याने या गोष्टीचा विचार करावा असं वाटतं.

निरोपाची कागदपत्रं

एप्रिल आला की निघायची तयारी. शाळेच्या शिक्षकखोलीत ‘पो द देपार’ होतं: थोडं पेय, थोडा केक, सहकाऱ्यांची भाषणं. मग गालाला गाल लावून निरोप. हे किती वेळा, ते जिल्ह्यावर अवलंबून. बऱ्याच ठिकाणी दोन, माँपेल्येच्या एरो जिल्ह्यात साधारण तीन. तिसऱ्या वेळी गाल मागे घेणारा नवखा लगेच ओळखू येतो.

खरा निरोप मात्र कागदावर चालतो. सामानासह भाड्याने घेतलेली खोली सोडायची तर एक महिन्याची नोटीस, तीही रजिस्टर पत्राने. वीज, मोबाइल, घराचा विमा यांची खाती बंद करायची. शेवटच्या दिवशी घरमालकासोबत ‘एता दे लिय’: आल्याच्या दिवशी भरलेला तक्ता हातात घेऊन खोलीची एकेक गोष्ट तपासायची. भिंतीला खिळ्याचं भोक, नळाच्या तोंडावर पांढरा खार, गादीवर डाग. ‘हा ओरखडा आधीचाच आहे’ हे तिथल्या तिथे, न रागावता, योग्य भूतकाळ वापरून सांगता आलं नाही तर पैसे जातात. व्याकरणाच्या वर्गात कंटाळवाणा वाटणारा तो भूतकाळ एवढा महाग असेल हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात लिहिलेलं नसतं. सगळं जसंच्या तसं असेल तर अनामत रक्कम महिन्याभरात, नसेल तर कापून दोन महिन्यांत परत द्यावी, असा कायदा आहे.

म्हणूनच बँकेचं खातं निघतानाच बंद करू नये. अनामत जमा होईपर्यंत ते चालू ठेवावं लागतं, आणि तोवर विद्यार्थी विक्रोळीला घरी येऊन महिना उलटलेला असतो. मग तो बँकेला पत्र लिहितो: वर उजवीकडे गाव आणि तारीख, मजकुरात खातं बंद करण्याची विनंती, शेवटी फ्रेंचांची ती लांबलचक आदरवाचक ओळ. जाताना अर्जासाठी लिहिलेल्या पत्रात हीच ओळ त्याने कुठून तरी उतरवून घेतली होती. आता ती त्याला स्वतःहून लिहिता येते. देल्फचं प्रमाणपत्र भिंतीवर लावावं, पण किती फ्रेंच आलं हे या पत्रावरून कळतं.