हाताखालचा माणूस कमी पडतो तेव्हां

ज्याच्या हाताखालीं दहा माणसें काम करितात, त्याच्या शब्दावर दहा घरांच्या चुली थोड्याबहुत अवलंबून असतात. हल्लीं सुशिक्षित कुटुंबांतील तिशीच्या आंतबाहेरच्या मुलामुलींना असे अधिकार सर्रास मिळतात, आणि लौकरच त्यांच्यापुढें एक बिकट प्रश्न उभा राहतो. दहांपैकीं एकाचें काम मागें पडतें. वरिष्ठ जाब विचारतात, सोबती कुरकुरतात. अशा वेळीं काय करावें ?

सामान्यतः दोन मार्ग दिसतात. चारचौघांत ताशेरे ओढून त्या माणसास निरोप द्यावयाचा, हा एक. भिडेस्तव डोळेझांक करून त्याचें ओझें इतरांवर लादावयाचें, हा दुसरा. पहिल्यांत एकावर अन्याय होण्याचा संभव असतो. दुसऱ्यांत नऊ जणांवर तो खात्रीनें होतो. दोहोंतील दोष मात्र एकच. माणूस कमी कां पडला, याची चौकशीच झालेली नसते.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डॉ. एडवर्ड्स डेमिंग (१९००–१९९३) आपल्या व्याख्यानांत एक प्रयोग करून दाखवीत. एका पात्रांत सुमारें ४००० मणी, पैकीं ८०० तांबडे व बाकीचे पांढरे. श्रोत्यांपैकीं सहा जणांना 'कामगार' नेमून, पन्नास खांचांची फळी पात्रांत बुडवून मणी काढावयास सांगत. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, तांबडा म्हणजे खराब. डेमिंग स्वतः मुकादम होत. कमी तांबडे काढणाऱ्याची पाठ थोपटीत, जास्त काढणाऱ्यास फैलावर घेत. गंमत अशी कीं, आज शाबासकी मिळविणारा उद्यां बोलणीं खाई. शेवटीं उत्तम ठरलेले तिघे ठेवून बाकीच्यांस काढीत, तरी तांबड्या मण्यांचें प्रमाण कांहीं हटत नसे. हटणार कसें ? दोष हातांत नव्हता, पात्रांत होता. आणि पात्र भरणारा मुकादमच होता.

मण्यांच्या खेळांत कौशल्यास वाव नाहीं, खऱ्या कामांत तो असतो, हें उघड आहे. सर्व माणसें सारखींच, असा याचा अर्थ नव्हे. परंतु एका महिन्याच्या आंकड्यांवरून माणसाची किंमत ठरवूं नये, एवढा बोध त्यांतून निश्चित निघतो. जनरल इलेक्ट्रिक कंपनींत जॅक वेल्श यांच्या कारकीर्दींत (१९८१–२००१) दरवर्षीं प्रतवारी लावून तळच्या दहा टक्क्यांस दूर करण्याची पद्धत पुष्कळ गाजली. मायक्रोसॉफ्ट कंपनीनेंही सक्तीची प्रतवारी चालविली, पण नोव्हेंबर २०१३ मध्यें ती सोडून दिली. कोणास तरी खालचा शेरा मिळणारच असेल, तर सोबत्यास शिकविण्यांत कोणाचें हित ?

म्हणून अधिकाऱ्यानें प्रथम स्वतःस चार प्रश्न विचारावे. काम नेमकें काय व केव्हांपर्यंत, हें त्यास स्पष्ट सांगितलें होतें काय ? त्यासाठीं लागणारें शिक्षण व साधनें मिळालीं काय ? त्याच जागीं दुसरा बसविला तर तो तरेल काय ? आणि पूर्वीं चांगलें काम करणारा असेल, तर घरीं आजारपण अथवा अन्य विवंचना आहे काय ? शाळेंत अर्धा वर्ग एकच गणित चुकला, तर फळ्याकडे पाहावें. एकच मुलगा वारंवार चुकला, तर त्यास जवळ बसवावें. कचेरींतही हाच न्याय आहे.

मग त्याच्याशीं एकांतांत बोलावें. "तुम्ही आळशी आहां" हें बोलणें नव्हे, तो शिक्का आहे. "गेल्या तीन कामांपैकीं दोन आठवडाभर उशिरां आलीं, अडचण कोठें आली?" असें विचारल्यास उत्तर मिळण्याची आशा असते. पुढें काय सुधारावयाचें, किती मुदतींत, व मदत कोणाची, हें उभयतांनीं लिहून ठेवावें आणि दर आठवड्यास पाहावें.

येथें कौटिल्याचें स्मरण होतें. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत अधिकाऱ्यांच्या परीक्षेवर स्वतंत्र अध्याय आहे. ठरलेल्याहून कमी उत्पन्न आणणाऱ्यास तो दोषी धरतोच. पण दुप्पट आणणाऱ्यासही सोडीत नाहीं, कारण असा अधिकारी प्रजेस पिळतो. ज्याचे आंकडे फार मोठे, त्याचीही चौकशी करण्याचें धैर्य अधिकाऱ्यास हवें. सोबत्यांचें श्रेय ओढून मोठा झालेला एक जण दुसऱ्यास कमी दाखवीत असतो.

इतकें करूनही मुदतीअंतीं सुधारणा नसेल, तर प्रथम त्या माणसास साजेसें दुसरें काम शोधावें. तेंही नसल्यास त्यास मोकळें करावें. परंतु स्वतः समोर बसून, कारण सांगून, त्याचें येणें चुकतें करून, व नवी जागा शोधण्यास अवधि देऊन. उरलेले नऊ जण हें सर्व पाहत असतात. उद्यां आपल्यावर हीच पाळी आली, तर आपणांस न्याय मिळेल कीं नाहीं, हें ते त्याच दिवशीं मनाशीं ठरवितात. आणि पुढें ते काम मनापासून करितात कीं भीतीपोटीं, हें बव्हंशीं त्यावरच ठरतें.