बोटीच्या ट्रेलरचे टायर

मिशिगनमध्ये मे महिना लागला की गाड्यांच्या मागे ट्रेलर आणि त्यांवर बोटी दिसू लागतात. माझीही त्यांतच असते. इंजिनाबद्दल तासन्‌तास बोलणारी मंडळी टायरकडे ढुंकूनही पाहत नाहीत, याची मला मनापासून काळजी वाटते.

कारचे टायर ट्रेलरला लावू नका. मापाच्या आधी ‘एसटी’ ही अक्षरं हवीत. या टायरची बाजू कडक असते, त्यामुळे वळणावर ट्रेलर कमी डुलतो. माझ्या ट्रेलरचं माप २०५/७५ आर १४. याच मापात ‘सी’ श्रेणीचा टायर ५० पीएसआय हवेवर १,७६० पौंड पेलतो, ‘डी’ श्रेणीचा ६५ पीएसआयवर २,०४०. वजन धरताना नुसती बोट धरून भागत नाही. ट्रेलर, इंजिन, नांगर, भरलेली टाकी, सगळंच आलं. गॅलनभर पेट्रोलच सहा पौंडांच्या वर जातं. मी ‘डी’ घेतले. मात्र रिमही तेवढा दाब सोसणारी हवी, हे दुकानात विचारून घ्या. हवा भरायची ती टायर थंड असताना. कमी हवेचा टायर हायवेवर तापतो आणि फुटतो.

आणि तारीख बघाच! ‘डॉट’ या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे २३२४ असतील, तर टायर २०२४च्या तेविसाव्या आठवड्यातला. बोट बहुतेक महिने अंगणातच उभी असते. नक्षी झिजत नाही, पण उन्हाने रबर भेगाळतं. म्हणून खोल नक्षीवर भरवसा ठेवू नका. पाच-सहा वर्षं झाली की मी टायर बदलतोच, न वापरलेल्या स्टेपनीसकट.